पूर्तधर्म आणि आळीची बाग

आषाढी एकादशी जवळ आली की पंढरीत तुळशीचे माहात्म्य शतगुणित होते. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, मायबहिणींच्या डोईवर वृंदावन आणि विटेवरच्या सावळ्याच्या कंठीही तुळशीचाच हार! परंतु ही तुळस कोणी लावली, कोणी शिंपली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. या पर्वकाळी तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो; कारण तो प्रथम आम्हांसच टोचला.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक पडीक जागा होती, उकिरडाच तो. काही वर्षांपूर्वी दहा-बारा घरांनी मिळून ती साफ केली. रविवारी घरटी एकाने तासभर खपावे, एवढाच नियम. आज तेथे तुळस, बेल, मोगरा, जास्वंद आणि दूर्वा आहेत. पूर्वी चंद्रभागेत पडणारे निर्माल्य आता बागेतील खड्ड्यात पडते व त्याचे खत होते. मंजिऱ्या वेळीच खुडल्या नाहीत तर तुळस लवकर वाळते, मुळाशी पाणी साचले तर कुजते, हे आता आळीतील पोरेही सांगतात. द्वादशीस तुळस तोडू नये, हा शास्त्रनियमही सर्व जण पाळतात.

एके सकाळी आम्ही पाहिले की, आळी झाडणाऱ्या बाईंचा मुलगा तुळशीच्या वाफ्यास पाणी घालीत आहे. त्या दिवशी बागेतून आलेली तुळस आम्ही देव्हाऱ्यात न नेता कोनाड्यात ठेवली. कोणास काही बोललो नाही. सूनबाईंच्या मात्र ते ध्यानी आले. त्या एवढेच म्हणाल्या, “मामंजी, आज कीर्तनात सावतामहाराजांचेच आख्यान आहे ना?”

त्या रात्री आमची जीभ अडखळली. अरणगावचे सावतोबा शके 1217 मध्ये, म्हणजे इ. स. 1295 मध्ये, समाधिस्थ झाले. आषाढ वद्य चतुर्दशी ही त्यांची पुण्यतिथी. मळ्यातील भाजीपाल्यात त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि देवच त्यांच्या मळ्यात आला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. मातीने माखलेल्या हातांचे असे गुणगान व्यासपीठावरून करावयाचे आणि घरी तशाच हातांनी वाढविलेली तुळस बाजूस सारावयाची, हे कोणते शास्त्र?

शास्त्रच पाहू. आपल्या स्मृतींनी इष्ट आणि पूर्त असे धर्माचे दोन भाग सांगितले. अग्निहोत्र, यज्ञ हे इष्ट. विहीर, तळे, देवालय, अन्नदान आणि आराम, म्हणजे बाग, हे पूर्त. वैदिक कर्मास ज्यांनी अधिकाराची कुंपणे घातली, त्याच स्मृतिकारांनी पूर्ताचा अधिकार चारही वर्णांस दिला. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागतात. अट घालतात ती भक्तीची, जातीची नव्हे. आणि याच पंढरीत विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात सानेगुरुजींना प्राण पणास लावावे लागले! मंदिराचे दार उघडले. आमच्या देव्हाऱ्याचे दार अर्धे मिटलेलेच राहिले होते.

कोणी म्हणतील, मग सोवळे सोडावयाचे काय? मुळीच नाही. स्नान करून, स्वच्छ हातांनी तुळस खुडावी. मात्र हा नियम सर्वांस सारखा असावा. शुचिता हा आचार आहे. दुसऱ्यास दूर लोटण्याचे ते निमित्त नव्हे.

आता चातुर्मास लागतो आहे, जमिनीत ओल येते आहे. प्रत्येक आळीने, प्रत्येक वाड्याने व वसाहतीने अशी एक बाग करण्याचा संकल्प या चातुर्मासात सोडावा. जागा नसेल तर मंदिराच्या आवारात चार कुंड्या ठेवाव्यात. वारीहून परतणाऱ्याने प्रसादाबरोबर तुळशीचे एक रोप न्यावे. आणि बागेत येणाऱ्यास त्याचे कूळ विचारू नये. हाती झारी द्यावी.

दशमीस खुडून ठेवलेली तुळस एकादशीस आमच्या विठ्ठलाच्या चरणी वाहिली जाईल. ती त्या मुलाने शिंपलेली आहे. देवाने ती गोड मानून घ्यावी, आणि आमचा अपराध पोटात घालावा, हीच प्रार्थना.