ताप, पुरळ आणि मंडळाचा निर्णय



गणेशोत्सवातला बालगोपाळांचा कार्यक्रम आयत्या वेळी पुढे ढकलल्यावरून आपल्या बर्मिंगहॅमच्या मंडळात गेले काही आठवडे बरीच बोलाचाली झाली. कार्यकारिणीने आपली भूमिका लेखी मांडावी, अशी मागणी दोन्ही बाजूंनी आली आहे. मागणी रास्त आहे, म्हणून या अंकाचे संपादकीय त्याच विषयाला दिले आहे.

घडले ते बहुतेकांना ठाऊक आहे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरहून सुटी संपवून नुकत्याच परतलेल्या एका घरातल्या लहानग्या मुलीला ताप आला आणि अंगावर पुरळ उठले. आईने घाबरून मंडळाच्या मोबाइलवरच्या गटावर फोटो टाकला. अर्ध्या तासात गोवर, कांजिण्या, डेंगी, घामोळे, उष्णता अशी सगळी नावे येऊन गेली. कुणी कडुनिंबाचा पाला सुचवला, कुणी गावाहून आणलेले अँटिबायोटिक देऊ केले. सकाळी आम्ही फोनवरच बैठक घेतली आणि ठरवले, की आरती व महाप्रसाद ठरल्याप्रमाणे होतील, मुलांचा कार्यक्रम पुढे जाईल आणि ताप किंवा पुरळ असलेल्या मुलांना त्या दिवशी आणू नये. पुढे डॉक्टरांनी हात-पाय-तोंडाचा आजार असल्याचे सांगितले आणि मुलगी आठवडाभरात बरी झाली.

पहिला आक्षेप असा, की गावाहून आलेल्या कुटुंबांना वाळीत टाकल्यासारखे वागवले. रायगड जिल्ह्याने वाळीत टाकण्याची प्रकरणे पाहिली आहेत, महाराष्ट्राला २०१६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्यामुळे हा आरोप आम्ही हलक्यात घेत नाही. पण सूचना सर्व घरांना एकच होती. सुटीत बर्मिंगहॅम सोडून कुठेही न गेलेल्या मुलांनाही ती लागू होती. गोवर हा गावाकडून येणारा रोग आहे, असे तर मुळीच नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ होती. २०२३-२४ च्या हिवाळ्यात ती इथे, आपल्याच वेस्ट मिडलंड्समध्ये होती. दोन्हीकडे रोगाने गाठली ती मुख्यतः लस न घेतलेली मुले. ज्या कुटुंबाचे मन दुखावले त्यांना आम्ही भेटून आलो आहोत. त्यांच्याविषयी मंडळाच्या मनात कोणतीही अढी नव्हती आणि नाही.

दुसरा आक्षेप असा, की हात-पाय-तोंडाच्या आजारात मूल खेळते-खाते असेल तर इथल्या शाळा त्याला घरी ठेवायला सांगत नाहीत, मग मंडळाने का सांगावे? शाळांचे म्हणणे योग्यच आहे. मात्र त्या रात्री आजार तोच आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. गोवर झालेले मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत रोग पसरवते. ते खोलीतून निघून गेले तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. आपल्या हॉलमध्ये अजून लस न मिळालेली तान्ही बाळे असतात, दिवस गेलेल्या सुना-लेकी असतात, कर्करोगावर उपचार घेत असलेले ज्येष्ठ असतात. गोवर, कांजिण्या आणि गाल लाल करणारा पार्वोव्हायरस हे तिन्ही गरोदरपणात घातक ठरू शकतात. निदान झालेले नसताना ताप-पुरळाचे मूल घरी ठेवा असे सांगणे, एवढेच आमच्या हातात होते.

काही सभासदांना उलट वाटते, की सगळाच उत्सव रद्द करायला हवा होता. त्या मताचाही आम्ही आदर करतो. पण धोका ज्या गर्दीत जास्त, ती मुलांची गर्दी टाळली, तेवढे पुरेसे होते असे आम्हाला वाटले आणि आजही वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. फोटो पाहून विषाणू ओळखता येत नाही. २०२२ साली केरळात ‘टोमॅटो फ्लू’ नावाच्या आजाराचा बोलबाला झाला. त्याच सुमारास केरळात सुटी घालवून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या अंगावर तसेच फोड आले. नमुने प्रयोगशाळेत गेले तेव्हा निघाला कॉक्सॅकी ए-१६, म्हणजे हात-पाय-तोंडाच्या आजाराचा जुनाच विषाणू. तज्ज्ञांनाही प्रयोगशाळा लागली. मग रात्री अकराला मोबाइलच्या पडद्यावर आपण काय ओळखणार? त्यात इथल्या बऱ्याच पत्रकांतले फोटो गोऱ्या कातडीवरचे असतात. आपल्या मुलांच्या सावळ्या अंगावर पुरळ लाल दिसतेच असे नाही, ते जांभळट किंवा करडे दिसते, कधी नुसते हाताला खरखरीत लागते. अशा वेळी तळहात, तळपाय, टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. काचेचा पारदर्शक पेला डागांवर दाबावा. दाबूनही डाग फिके पडले नाहीत, तर विचार करत न बसता ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा.

विषाणूचे नाव डॉक्टर शोधतील. आई-बापाने मूल पाहावे. ते पाणी पिते आहे का? गेल्या बारा तासांत लघवी झाली का? श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? हाक मारली तर ओळख दाखवते का, की नुसते पडून आहे? अंग तापलेले असताना हातपाय गार पडलेत का? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप असेल, तर बाकी काही दिसत नसले तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा.

मंडळातल्या महाडकरांना मूल असे निरखणे परके वाटू नये. विंचूदंशाने मुले दगावत होती तेव्हा डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाड परिसरात रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, गार पडणारे हातपाय यांची टिपणे केली. त्या निरीक्षणातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उशाशी बसून नीट पाहणे आणि वेळ टिपून ठेवणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

आपली मुले उन्हाळी सुटीत गावी जातात ती नेमकी जुलै-ऑगस्टच्या धुवांधार पावसात. तिथे ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल’ म्हणत थांबणे धोक्याचे ठरू शकते. पुराच्या पाण्यातून किंवा खाचरातल्या चिखलातून येणारा लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो), मलेरिया आणि टायफॉइड यांपैकी एकही व्हायरल नव्हे. या तिन्हींवर औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हावे लागते. डेंगी विषाणूचाच, मात्र त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात, तेव्हाच खरा धोका सुरू होतो. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांतले काहीही दिसले तर लगेच निघायला हवे.

आणि निघायचे म्हणजे काय, हे पोलादपूरकडच्या डोंगरावरच्या वाड्यांत राहिलेल्याला विचारा. इथे रात्री दोनला आरोग्यसेवेच्या १११ क्रमांकावर कुणीतरी बोलायला असते. तिथे आधी पायवाटेने किंवा जीपने खाली उतरायचे, मग पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय, तिथून महाड, आणि जिल्हा रुग्णालय थेट अलिबागला. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण रस्ता चालू असेल तरच ती पोहोचते. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदी महाडात शिरली, त्याच पावसात तळिये, केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या आणि वाटा बंद झाल्या. तिथे आई-बापापुढचा प्रश्न ‘हा कोणता विषाणू?’ हा नसतोच. अंधार पडायच्या आत मुलाला खाली न्यायचे की नाही, हा असतो. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या खुणांतच मिळते. आजीने ‘गोवर आहे, बाहेर पडू दे’ म्हटले, तर तिचा मान राखूनही निघावे.

औषधांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. इथले तान्ह्या मुलांचे पॅरासिटामॉल ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते. गावाकडे मिळणारे थेंब बहुधा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅमचे असतात, म्हणजे चौपटीहून जास्त तीव्र. इथल्या सवयीने तिथली बाटली मोजली, तर मात्रा भलतीच होईल. बाटलीवरचा आकडा वाचा आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नये. डेंगीची शंका असताना आणि कांजिण्यांत आयबुप्रोफेनही टाळावे. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, त्यामुळे गावाहून आणलेल्या उरलेल्या बाटल्या एकमेकांना देणे कृपया थांबवा.

हे सगळे सांगायला आपल्या डॉक्टर सभासदांनी रविवारची दुपार राखून ठेवली होती. हॉल घेतला, चहा-पोहे केले आणि श्रोते आले बोटांवर मोजण्याइतके. नाटकाची तिकिटे एका दिवसात संपतात, गटावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा रंगते, मग मुलांच्या तापावर बोलायला एक तास का निघू नये? ज्यांनी निर्णयावर सर्वांत जास्त टीका केली, ते तरी यायला हवे होते. कामाच्या पाळ्या आणि मुलांचे क्लास यांची अडचण आम्ही जाणतो. म्हणून हे सत्र पुन्हा ठेवत आहोत, आणि या वेळी ते ऑनलाइनही असेल.

तोवर पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती. भारताचे तिकीट काढले की मुलाचे लाल पुस्तक काढून लशी तपासा आणि जीपी डॉक्टरांशी निदान महिनाभर आधी बोला. सहा महिन्यांवरच्या बाळाला प्रवासापूर्वी गोवराची लस लवकर देता येते. मात्र नेहमीचे दोन डोस त्यानंतरही घ्यावेच लागतात. गरोदर भगिनींनी २८ आठवड्यांनंतरच्या आरएसव्ही विषाणूवरील लशीबद्दल सुईणीकडे चौकशी करावी. सामानात थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे आणि डासांपासून बचावाचे मलम ठेवा. कपाळाला हात लावून ताप मोजता येत नाही. परतल्यावर, अगदी काही महिन्यांनीही, मुलाला ताप आला तर ‘आम्ही भारतात जाऊन आलो’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. गटावर आजारी मुलांचे फोटो टाकू नका, कुणी टाकलाच तर औषध न सुचवता १११ ला फोन करायला सांगा.

धोक्याच्या खुणांचे एक पान आपल्या डॉक्टरांनी ठळक मराठीत तयार केले आहे. गावी जाणाऱ्या प्रत्येक घराने ते न्यावे आणि आजी-आजोबांच्या स्वयंपाकघरात लावावे. पोलादपूर-महाडकडच्या आपापल्या गावातल्या अंगणवाडीला आणि आशाताईंना प्रती पोहोचवायला कुणी तयार असेल, तर छपाईचा खर्च मंडळ करील.

पुढे ढकललेला बालगोपाळांचा कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी होईल. नावे चिटणिसांकडे द्यावीत, सप्टेंबरात नोंदलेली नावे तशीच धरली आहेत. त्या आठवड्यात ज्या मुलाला ताप किंवा पुरळ येईल त्याला घरी ठेवा. त्याचा नाच पुढच्या कार्यक्रमात पहिला ठेवू आणि त्याचे बक्षीस घरी आणून देऊ.

कार्यकारिणीच्या वतीने,
संपादक