बरोबरीचे दुखणे संघनिवडीपलीकडचे

भारतीय फुटबॉल संघाचा एखादा सामना बरोबरीत सुटला की दुसऱ्या दिवशी ठरलेली चर्चा रंगते. अमक्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर का बसवले, तमक्याला इतक्या उशिरा का उतरवले, मायदेशातील सामन्यातही एकच आघाडीपटू घेऊन खेळण्याची बचावात्मक व्यूहरचना कशासाठी, असे प्रश्न फुटबॉलप्रेमी हिरिरीने विचारतात आणि अखेर सारा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारून चर्चा संपते. पराभवापेक्षा बरोबरी अशा वादाला अधिक पोषक ठरते. पराभवानंतर प्रतिस्पर्धी सरस होता असे म्हणून मनाची समजूत काढता येते. बरोबरीत मात्र विजय हाताशी आला होता आणि तो आपल्याच चुकीने निसटला, ही बोच मागे राहते.

अशा बोचऱ्या बरोबरींमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६ जून २०२४ रोजी झालेल्या सामन्याचे स्थान सर्वांत वरचे आहे. २०२६च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीतील भारत-कुवेत ही लढत म्हणजे सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना. १५१ सामने आणि ९४ गोल अशी कारकीर्द असलेल्या कर्णधाराला निरोप देण्यासाठी स्टेडियम प्रेक्षकांनी भरून गेले होते. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पाच दिवसांनी दोहा येथे कतारने भारताला २-१ असे हरवले, तर कुवेतने अफगाणिस्तानवर १-० अशी मात केली. कतारचे १६, कुवेतचे ७ आणि भारत व अफगाणिस्तान यांचे प्रत्येकी ५ गुण अशी गटाची अंतिम स्थिती राहिली. भारत गटाबाहेर फेकला गेला.

या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. भारताने त्या रात्री एक गोल करून विजय मिळवला असता आणि बाकीचे निकाल तसेच राहिले असते, तर भारताचे ७ आणि कुवेतचे ६ गुण झाले असते. भारत प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता आणि २०२७च्या आशियाई चषकातील स्थानही तेथेच निश्चित झाले असते. दोहामध्ये चेंडू रेषेबाहेर गेलेला असतानाही कतारला बहाल झालेल्या वादग्रस्त गोलाबद्दल पुढे बरेच बोलले गेले आणि ती तक्रार रास्तच होती. परंतु पात्रतेचे दार त्याआधीच, कोलकात्यात, उघडता आले असते.

तीन आक्षेप, तीन मर्यादा

कोलकात्यातील बरोबरीनंतर प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्यावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेण्यात आले. पहिला आक्षेप छेत्रीबाबतचा. ३९ वर्षांच्या खेळाडूला मध्यवर्ती आघाडीपटू म्हणून सुरुवातीपासून अखेरपर्यंत खेळवण्यात भावनेचा भाग अधिक आणि डावपेचांचा कमी होता, असे अनेकांना वाटले. दुसरा आक्षेप रचनेबाबतचा. छेत्री चेंडू घेण्यासाठी मागे येई तेव्हा पेनल्टी क्षेत्रात कोणीच उरत नसे. मग उंचापुरा मनवीर सिंग पहिल्यापासून जोडीला का नव्हता? तिसरा आक्षेप मधल्या फळीबाबत होता. बचाव भेदणारा पास देण्याची हातोटी असलेल्या गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसला सुरुवातीच्या अकरा जणांत स्थान का मिळाले नाही?

हे आक्षेप अज्ञानातून आलेले नव्हते. किंबहुना, भारतीय प्रेक्षकाची जाण गेल्या दोन दशकांत किती वाढली आहे, याचेच ते द्योतक होते. पण प्रत्येक आक्षेप थोडा पुढे नेला की तो एकाच भिंतीवर जाऊन आदळतो. छेत्रीला वगळायचे, तर त्याच्या जागी कोण? मनवीर हे त्याचे उत्तर असेल, तर मोहन बागानसाठी तो वर्षभर उजव्या बगलेवर खेळतो. आक्रमणाच्या मध्यभागी तेथे जेमी मॅक्लारेन, दिमित्री पेट्रॅटोस, जेसन कमिंग्ज यांच्यासारख्या परदेशी खेळाडूंचा वावर राहिला आहे. ब्रँडनच्या पासचे म्हणाल, तर स्टिमॅच यांनी उत्तरार्धात त्याला उतरवलेही होते. त्याच सुमारास मैदानात आलेल्या रहीम अलीला गोलरक्षकाशी समोरासमोर होण्याची सामन्यातील बहुधा सर्वोत्तम संधी मिळाली. परंतु फटका गोलरक्षकाच्याच दिशेने गेला. संधी निर्माण झाली होती. ती साधणारा सराईत पाय नव्हता.

प्रशिक्षक बदलले, निकाल तोच

दोष केवळ संघनिवडीचा असता, तर प्रशिक्षक बदलल्यावर तो दूर व्हायला हवा होता. १७ जून २०२४ रोजी स्टिमॅच यांची उचलबांगडी झाली आणि जुलैमध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ यांच्याकडे सूत्रे आली. एफसी गोवाचे प्रशिक्षकपद सांभाळतच त्यांनी राष्ट्रीय संघाची जबाबदारी स्वीकारली होती. भारतीय खेळाडूंना आठवड्याच्या आठवड्याला जवळून पाहणारा हा माणूस अचूक अकरा जण निवडील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मॉरिशसशी ०-०, व्हिएतनामशी १-१, मलेशियाशी १-१ अशा बरोबरींची मालिकाच लागली. २०२४ या संपूर्ण वर्षात भारताने ११ सामने खेळले. त्यांपैकी ५ बरोबरीत सुटले, ६ गमावले आणि एकही जिंकला नाही.

त्याहून बोलका आकडा गोलांचा आहे. या ११ सामन्यांत भारताचे गोल अवघे चार. अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत छेत्रीने पेनल्टीवर केलेला एक, कतारविरुद्ध लालियानझुआला छांगटेचा एक, व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरीचा एक आणि मलेशियाविरुद्ध राहुल भेकेचा एक. छांगटे आणि फारुख हे मूळचे बगलेवरून खेळणारे, तर मुंबईकर भेके बचावपटू. म्हणजे संपूर्ण वर्षात मध्यवर्ती आघाडीपटूच्या जागेसाठी घडलेल्या भारतीय खेळाडूने चालत्या खेळात केलेला गोल एकही नाही.

या पार्श्वभूमीवर मार्च २०२५मध्ये छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावण्यात आले. या निर्णयावर टीकेची झोड उठली. तथापि मार्केझ यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता. २०२४-२५च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू चाळिशीतला छेत्रीच होता. त्याचे गोल होते १४. मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने गोलही केला. पण २५ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे आशियाई चषक पात्रता फेरीत बांगलादेशशी गाठ पडली आणि पुन्हा गोलशून्य बरोबरी झाली. त्या वेळी जागतिक क्रमवारीत भारत १२६व्या, तर बांगलादेश १८५व्या स्थानावर होता. पहिल्याच मिनिटाला गोलरक्षक विशाल कैथच्या चुकीमुळे बांगलादेशला जवळपास मोकळे गोलजाळे मिळाले होते. ती संधी त्यांनी दवडली नसती, तर बरोबरीही हाती लागली नसती.

त्यानंतर खालिद जमील यांच्या रूपाने भारतीय प्रशिक्षक आले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५मध्ये काफा नेशन्स चषकात त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला २-१ असे हरवले, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले आणि तिसरे स्थान पटकावले. बचाव सावरल्याचे ते लक्षण होते. मात्र ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी बरोबरी आणि पाठोपाठ मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १-२ असा पराभव झाला. आशियाई चषकाचे स्वप्न तेथेच विरले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० अशी मात केली. पात्रता फेरीतील पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गोल होते दोन. तीन प्रशिक्षक, तीन विचारपद्धती, आणि दुखणे मात्र एकच.

नवव्या क्रमांकाचा दुष्काळ

याचे मूळ शोधायचे, तर राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून बाहेर पडून क्लबांकडे पाहावे लागते. २०१४मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांसाठीचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. ब्राझीलच्या एलानोपासून २३ गोल करणाऱ्या मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईपर्यंत सारी नावे परदेशी आहेत. तुलनेसाठी जपानचे उदाहरण घेता येईल. तेथील व्यावसायिक लीग १९९३मध्ये सुरू झाली तीही परदेशी नावांच्या झगमगाटातच. पण तिसऱ्याच हंगामात, १९९५मध्ये, मासाहिरो फुकुदा हा जपानी खेळाडू सर्वाधिक गोल करणारा ठरला.

यावर परदेशी खेळाडूंची संख्या घटवा, असा सोपा उपाय सुचवला जातो. तो पूर्णतः चुकीचा नाही; मात्र पुरेसाही नाही. सुरुवातीला एका संघाला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. २०१७-१८पासून ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२पासून चारवर आणली गेली. रिकाम्या झालेल्या जागा क्लबांनी भारतीयांना दिल्या त्या प्रामुख्याने बचावात, बगलेवर आणि मधल्या फळीत. गोल करण्याची जागा बहुतेकांनी परदेशी खेळाडूसाठीच राखून ठेवली. क्लबांचा व्यवहार समजण्यासारखा आहे: तयार गोलकर्ता आणला की निकाल लगेच मिळतो, भारतीय घडवायचा तर दोन-तीन हंगाम वाट पाहावी लागते. परंतु २०२४-२५पर्यंत या लीगमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची तरतूद अमलात आलेलीच नव्हती. तळाला राहण्याची शिक्षा नसतानाही जोखीम पत्करली गेली नाही, ही बाब क्लबांच्या खाती टीकेचीच ठरते.

महाराष्ट्राला हे उदाहरणाने समजेल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत होता. तालमींच्या संघांमागे अख्खी पेठ उभी राहते त्या गावातून आलेल्या या मुलाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पुढे व्यावसायिक लीगमध्ये त्याला संधी मिळाली, पण ती बहुतांशी बगलेवर. त्याच विश्वचषक संघातील रहीम अलीचीही क्लबपातळीवरील वाटचाल मध्यवर्ती जागेची हक्काची मालकी न मिळताच झाली. गोलरक्षक समोर आल्यावर अर्ध्या क्षणात काय करायचे, हे महिनाभराच्या शिबिरात शिकवता येत नाही. कुवेतविरुद्धच्या सामन्यापूर्वी भुवनेश्वरमध्ये मे महिन्यात शिबिर भरले होतेच. ती सवय शेकडो सामन्यांतून, चुकांसह, अंगी बाणते. कोलकात्यात हुकलेल्या त्या संधीचा हिशेब म्हणूनच एका खेळाडूच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंचा मार्गही चर्चेत असतो. शिलाँगमध्ये इंग्लंडमधील क्लबांत घडलेला हमझा चौधरी बांगलादेशकडून खेळला आणि हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला. भारतात दुहेरी नागरिकत्वाची मुभा नाही. रायन विल्यम्सने २०२५मध्ये ऑस्ट्रेलियन पारपत्र सोडून भारतीय नागरिकत्व घेतले, तशी तयारी फार थोडे दाखवतील. हा मार्ग तातडीची मलमपट्टी होऊ शकतो. कायमची तजवीज मात्र देशातील मैदानांवरच व्हायला हवी. त्याच मैदानांवर २०२५-२६चा लीग हंगाम व्यावसायिक हक्कांच्या कराराच्या तिढ्यापायी कित्येक महिने लांबला. सामनेच नसतील, तर गोल करण्याचा सराव व्हायचा कोठे?

चर्चेची दिशा बदलावी

येथे प्रेक्षकालाही स्वतःच्या दुटप्पीपणाकडे पाहावे लागेल. राष्ट्रीय संघाची बरोबरी झाली की भारतीय गोलकर्ता नाही म्हणून हळहळणारा तोच प्रेक्षक शनिवार-रविवारी आपल्या क्लबच्या परदेशी गोलकर्त्याचा जयजयकार करतो. गोव्याच्या चाहत्यांनी कोरोमिनासला डोक्यावर घेतले ते त्याच्या खेळामुळेच आणि त्यात वावगे काहीच नाही. पण आपल्या क्लबने नवोदित भारतीय आघाडीपटूला सलग दहा सामने दिले आणि त्यांपैकी चार गमावले, तर तो प्रेक्षक संयम बाळगणार आहे काय? क्लबांचे व्यवस्थापन गुणतक्त्याकडे पाहते, तसेच ते गॅलरीच्या सुराकडेही कान देते.

महासंघाच्या हाती असलेले उपायही काही अवघड नाहीत. चषक स्पर्धांमध्ये परदेशी खेळाडूंची मर्यादा आणखी कमी करणे, राखीव संघांच्या स्पर्धांना वर्षभराचे वेळापत्रक देणे आणि तरुण आघाडीपटूंना मध्यवर्ती जागेवर मिळणाऱ्या मिनिटांची जाहीर नोंद ठेवणे, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. अखेरची सूचना किरकोळ वाटेल. पण जे मोजले जाते त्याबद्दलच जाब विचारता येतो.

सामन्यानंतरचा संघनिवडीचा वाद थांबू नये. तो फुटबॉलच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. फक्त त्यात एका प्रश्नाची भर पडायला हवी. अमक्याला का खेळवले नाही, असे विचारताना तो आपल्या क्लबसाठी दर आठवड्याला त्या जागेवर खेळतो काय, हेही विचारले जावे. राष्ट्रीय प्रशिक्षक अकरा नावे सामन्याच्या संध्याकाळी जाहीर करतो. पण त्यांतील नवव्या क्रमांकाच्या नावापुढे पर्याय किती असतील, हे क्लबांच्या कार्यालयांत कित्येक हंगाम आधीच ठरलेले असते. तेथील निर्णय बदलले नाहीत, तर प्रशिक्षक आणि खेळाडू बदलत राहतील, आणि सामन्यानंतरची हळहळ तेवढी कायम राहील.