वैद्यांचे ऑनलाइन दुकान आणि मुक्तस्रोत प्रणालीची निवड

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक व्यवसायबंधूंनी औषधांचे ऑनलाइन दुकान मांडले आहे आणि आणखी कित्येक जण त्या विचारात आहेत. त्यात गैर काहीच नाही. परगावी स्थायिक झालेल्या रुग्णास ओळखीच्या वैद्याकडील महानारायण तेल घरपोच मिळावे, ही सोय स्वागतार्हच म्हटली पाहिजे. मात्र अशा दुकानासाठी संगणकप्रणाली निवडताना आम्हांस बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : फुकट कोणती मिळते, आणि दिसायला सुंदर कोणती? आमच्या मते हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारावयाचे आहेत. पहिला प्रश्न असा, की हे दुकान ग्राहकास ‘नाही’ म्हणू शकेल काय?

चिकित्सालयात बसलेला वैद्य दिवसातून कितीदा तरी ‘नाही’ म्हणत असतो. तापासाठी कोणी त्रिभुवनकीर्ती मागितली, तर तो आधी नाडी पाहतो, वय विचारतो, गर्भिणी तर नाही ना, याची खात्री करतो. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर इत्यादी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील ‘ई-१’ अनुसूचीत समाविष्ट असून, ती असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळविले, की अशी औषधे नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी सादर झाल्यावरच विकावीत. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस कायद्याने स्वतंत्र परवाना लागत नाही, हे आपण जाणतोच. म्हणजे दाराशी अडविणारा दुसरा कोणी नाही. तो आपणच असावयास हवा.

आता शॉपिंग कार्ट नावाची वस्तू काय आहे, ते पाहावे. ती मुळात सदरे आणि पादत्राणे विकण्यासाठी घडविलेली आहे. ग्राहक आणि पैसे भरण्याचे पान यांच्यामधील प्रत्येक अडथळा दूर करणे, एवढेच तिचे कौशल्य. एक वस्तू घेतली की ‘याबरोबर हेही घ्या’ असे ती आपण होऊन सुचविते. सितोपलादीबरोबर तिने लक्ष्मीविलास सुचविल्यास तिला दोष देता येणार नाही. तो निवडणाऱ्याचा आहे.

मुक्तस्रोत प्रणालीचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. तिची आज्ञावली वाचता येते, बदलता येते, आणि त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही. एखादे औषध पानावर दिसावे, त्याची माहिती वाचता यावी, परंतु खरेदीचे बटण तेथे नसावे, हा बदल जाणकारास काही ओळींत करता येतो. भाड्याने मिळणाऱ्या तयार दुकानात मालकाने ठेवलेल्या चौकटीतच भागवावे लागते. फुकटपणाचे म्हणाल, तर जागेचे भाडे, पैसे स्वीकारण्याची सेवा आणि देखभाल यांचा खर्च काही चुकत नाही.

या प्रणालींचा इतिहासही उद्बोधक आहे. जर्मनीत २००० मध्ये सुरू झालेली ‘ओएसकॉमर्स’ एके काळी सर्वत्र दिसे; तिच्यापासून २००३ मध्ये ‘झेन कार्ट’ फुटून निघाली. २००८ मध्ये आलेली ‘मॅजेंटो’ बलाढ्य खरी, पण २०१८ मध्ये ‘अडोबी’ने ती विकत घेतली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल जून २०२० मध्ये थांबली. ज्यांची दुकाने त्या आवृत्तीवर होती, त्यांना जवळजवळ नव्याने बांधकाम करावे लागले. आमच्या मते एकट्या वैद्याने मॅजेंटोच्या वाटेस जाऊ नये. घरात मांजर पाळण्याची सोय असताना हत्ती कशाला? ‘वर्डप्रेस’वर चालणारी, २०११ पासूनची ‘वूकॉमर्स’ किंवा ‘ओपनकार्ट’ पुरेशी आहे. वूकॉमर्सचे काम जाणणारी मुले आता तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि आम्ही तिच्याकडे झुकतो ते मुख्यतः याच कारणाने.

कारण देखभालीचा प्रश्न सर्वांत जड आहे. आमच्या एका स्नेह्यांचे दुकान त्यांच्या भाच्याने हौसेने उभे करून दिले. भाचा नोकरीनिमित्त परदेशी गेला, परवलीचे शब्द त्याच्याबरोबर गेले आणि सुधारित आवृत्त्या दोन वर्षे कोणी बसविल्याच नाहीत. एके दिवशी रुग्णांचे फोन येऊ लागले, की पैसे भरण्याचे पान भलतीकडेच नेते. त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. रुग्णांनी पाठविलेल्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे सर्व्हरवरील उघड्या फोल्डरमध्ये साठत होती. पत्ता ठाऊक असलेल्या कोणासही ती पाहता आली असती. त्या चिठ्ठ्यांवर रुग्णांची नावे होती, व्याधी होत्या. आपल्या शास्त्राने चिकित्सेच्या चतुष्पादात उपस्थात्यास स्थान दिले आहे. ऑनलाइन दुकानाचा उपस्थाता कोण, हे ठरल्याशिवाय ते उघडूच नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आणखी एक उणीव दुकान सुरू झाल्यावरच लक्षात येते. या प्रणाली साठा एका आकड्याने मोजतात : अमुक चूर्णाच्या चाळीस बाटल्या शिल्लक. त्यांतील दहा कोणत्या बॅचच्या, कोणाची मुदत आधी संपते, हे मूळ प्रणालीस ठाऊक नसते. चूर्णाची मुदत दोनच वर्षांची, आसवारिष्टांची त्याहून कितीतरी अधिक. एखादी बॅच परत मागविण्याची वेळ आली, तर ती कोणाकोणाकडे गेली हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी पूरक प्लगइन घ्यावे लागते. ते घेण्यापूर्वी त्याची शेवटची सुधारणा कधी झाली, एवढे अवश्य पाहावे. काचेच्या बाटल्यांमुळे वजनानुसार टपालखर्च आकारण्याची सोयही हवी. कराचे दर स्वतःस बदलता यावेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले, तेव्हा ज्यांना ते जमले नाही त्यांची धांदल झाली. विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकारी यांचा उल्लेख २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. त्यास एक पान पुरते.

आमच्या त्या स्नेह्यांनी आता वूकॉमर्सवर नवे दुकान बांधावयास घेतले आहे. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कपाटात आहेत आणि देखभालीसाठी एका तरुणास मासिक मोबदला ठरवून दिला आहे. यादीत सध्या एकोणीस औषधे आहेत. त्रिभुवनकीर्तीच्या पानावर खरेदीचे बटण नाही. तेथे चिकित्सालयाची वेळ आणि दूरध्वनी क्रमांक दिला आहे.