गावाचे नाव पुसणाऱ्यांनो, जाब द्या!

सात-बाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या सूस, नांदे, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याने आपला उतारा काढून पाहावा. तो रकाना बहुधा कोराच सापडेल. त्याच घरातल्या म्हातारीला विचारा. ती त्या तुकड्याचे नाव तोंडपाठ सांगेल, बांधावर कोणते झाड होते तेही सांगेल. सरकारने जागा ठेवली, कारकुनाने ती भरली नाही, उतारे संगणकावर चढवताना ती कोणाला आठवली नाही. आता नगर भूमापन झालेल्या जमिनीचा सात-बारा बंद होऊन मिळकत पत्रिका निघते, तेव्हा नावाची आठवण काढायलाही कोणी उरत नाही. मागे राहतो तो एक क्रमांक. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली नावे अशी सरकारी कागदावरच मारली जातात आणि त्याबद्दल कोणाला नोटीस जात नाही, कोणाची चौकशी लागत नाही. आम्ही याला गुन्हा म्हणतो!

30 जून 2021 रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून सूससह 23 गावे पुणे महापालिकेत घातली. ग्रामपंचायत संपली आणि गावकऱ्यांनी हक्काने बसून जाब विचारायची ग्रामसभाही तिच्याबरोबर गेली. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेचीही मुदत सरली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सरपंच गेला, नगरसेवक आला नाही, अशी वर्षे या गावांनी काढली. आणि दप्तर? ग्रामपंचायतीचे दप्तर म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीच्या वह्या, ग्रामसभांची इतिवृत्ते. विहिरीचा, शाळेच्या खोलीचा, रस्त्याचा ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, हे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. महापालिकेला आमचा रोकडा सवाल आहे: सूसच्या दप्तरातल्या प्रत्येक वहीची यादी करून ती गावात का लावत नाही? मिळकतकराचे बिल प्रत्येक दारात पोचते, मग चार पानांची यादी पोचवताना हात का जड होतात? शहरात ग्रामसभेसारख्याच नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून राज्याच्या कायद्यात आहे. ती अमलात आणायची छाती एकाही राज्यकर्त्याला झालेली नाही.

जुन्या वह्यांची किंमत काय, असे विचारणाऱ्यांनी 2023 साल आठवावे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी अख्खा महाराष्ट्र माळे धुंडाळू लागला. शाळांची दाखला रजिस्टरे, कोतवाल बुके, मोडीतली जीर्ण पाने, सगळे बाहेर निघाले. मोडी वाचणारा माणूस शोधत लोक तालुके पालथे घालत होते. ज्यांच्या घरी पणजोबांच्या कागदांचा रुमाल जपलेला होता, त्यांचे कुणबी दाखल्याचे काम भागले. ज्यांनी घर पाडताना तो रद्दीत घातला, ते कपाळाला हात लावून बसले. एवढा धडा मिळाल्यावरही जर सूसमधले जुने घर पाडताना माळ्यावरची पेटी न उघडता टेम्पोत जाणार असेल, तर त्या बेपर्वाईला माफी नाही.

बिल्डरांचे तर बोलायलाच नको. त्यांच्या जाहिरातीत सूस म्हणजे बाणेरपासून, हायवेपासून इतक्या मिनिटांवरची जागा. इथे लोक राहत होते, भात-ज्वारी पिकवत होते, सूसच्या खिंडीतून डोक्यावर भाजी घेऊन पुण्याची वाट तुडवत होते, हे त्यात एका ओळीनेही येत नाही. आणि ज्या जात्यावर बाया पहाटे दळत होत्या, ते जाते हॉटेलांच्या, इमारतींच्या दारात कुंडीशेजारी शोभेला मांडले जाते. दगड ठेवला आणि ओवी फेकली! याला संस्कृतीची जपणूक म्हणणाऱ्यांचा आम्ही निषेध करतो.

पण गावकरी बंधूंनो, तुम्हालाही मोकळे सोडता येणार नाही. मावळात, मुळशीत कितीतरी गावांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली वीरगळ चौथऱ्यात गाडले गेले. गाईगुरे सोडवताना, गावासाठी लढताना पडलेल्या माणसाचा तो दगड! त्याच्यावर ऑइलपेंटचे थर चढवले, त्याच्यापुढे फरशी घातली आणि वर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावली. देणगीदाराचे नाव राहावे आणि वीराचा दगड जावा, हा कुठला न्याय?

याच मुळशी तालुक्याने वेगळी वाट दाखवलेली आहे, म्हणून आमचा संताप दुप्पट होतो. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचे मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांबरोबर लढ्यात उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनी तो लढा स्वतः लिहून ठेवला, पुढे राजेंद्र व्होरांनी त्याचा अभ्यास करून ग्रंथ केला. गावे पाण्याखाली गेली, पण त्यांची कहाणी बुडाली नाही. नंतर गी पोइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी याच डोंगरातल्या बायांना सोबत घेऊन ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी सासुरवास, दुष्काळ, माहेर, बाबासाहेब, सगळे जात्यावर सांगितले. हे काम कोणत्या मंत्रालयाच्या आदेशाने झाले नाही. बायांनी सांगितले आणि कोणीतरी जवळ बसून ऐकले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी तरी दुसरे काय केले? गावोगाव वणवण करून, लोकांच्या दारात बसून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड उभे केले.

सूसला आज हेच करायचे आहे आणि त्यासाठी जुन्या-नव्या दोघांनी एकत्र बसले पाहिजे. बाराव्या मजल्यावर राहायला आलेल्यांनो, तुमच्या पार्किंगखाली कोणाचे तरी खळे होते. ते कोणाचे, हे विचारायला गावठाणात उतरा. तुमच्यातल्या कित्येकांना स्कॅनिंग येते, नकाशे काढता येतात. ती विद्या इथे लावा. गावठाणातल्या तरुणांनो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पैसे उधळता, त्यातल्या एका फ्लेक्सच्या पैशांत मोडी वाचणाऱ्याचा प्रवासखर्च निघतो. शिक्षकांनो, पोरांना किल्ल्याचे चित्र काढायला लावता, एकदा आपल्या आळीचे काढायला लावा.

30 जूनला, गाव महापालिकेत गेल्याच्या दिवशी, देवळाच्या सभामंडपात बसा. दप्तराची यादी मागणारा अर्ज तिथेच लिहा, सगळ्यांनी सह्या करा. आणि तोवर थांबू नका. आज संध्याकाळीच घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हातारीजवळ वही घेऊन बसा आणि उताऱ्यावरचा तो कोरा रकाना तिच्याकडून भरून घ्या.