गार्सिनॉल म्हणजे आमसूल नव्हे

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात रातांबे पिकू लागले की घरोघरी आमसुले आणि आगळ यांची लगबग सुरू होते. शीतपित्ताच्या रुग्णास आमसुलाचे पाणी सुचविणे येथील वैद्यांच्या अंगवळणी पडले आहे. चरकाचार्यांनी हृद्य दशेमानीत गणलेले वृक्षाम्ल म्हणजे कोकम, असे आपण मानतो. याच फळाच्या सालीतील गार्सिनॉल हे पीतवर्णी द्रव्य आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभिकर्मक म्हणून वापरले जाते, याचा आम्हांस आनंदच आहे.

मात्र हे द्रव्य तेथे कोणत्या कामी येते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पेशीतील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. काही विकरे या प्रथिनांना अॅसिटिल गट जोडतात, तेव्हा ती गुंडाळी सैल होऊन जनुके कार्यरत होऊ शकतात. गार्सिनॉल या विकरांना अटकाव करते, हे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील डॉ. तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. विकर रोखल्यावर पेशीत काय बदलते, हे पाहून संशोधक त्या विकराचे कार्य ताडतात. म्हणजे गार्सिनॉल येथे औषध नसून पेशीला प्रश्न विचारण्याचे साधन आहे.

हा भेद विसरल्यामुळेच ‘कोकम कर्करोगावर गुणकारी, विज्ञानाने सिद्ध’ अशा आशयाची पत्रके निघतात आणि रुग्ण ती घेऊन आपल्या दारी येतात. काचपात्रातील पेशींवर शुद्ध द्रव्याचा झालेला परिणाम हा रुग्णास दिलेल्या आमसुलाचा परिणाम ठरत नाही. गार्सिनॉल पाण्यात सहज विरघळत नाही. प्रयोगात ते डायमिथाइल सल्फॉक्साइडसारख्या द्रावकात विरघळवून वापरतात. सरबताच्या पेल्यास तो निष्कर्ष कसा लावावा? अशा पत्रकावर विसंबून एखाद्याने चालू उपचार सोडले, तर गेलेला काळ परत येत नाही. त्या दोषाचे वाटेकरी आपण होऊ नये.

याचा अर्थ प्रयोगशाळेकडे पाठ फिरवावी, असा नाही. भावप्रकाशाने वृक्षाम्लाच्या कच्च्या व पक्व फळांचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. बाटलीतील शुद्ध द्रव्याला आम-पक्व हा भेद नाही. तो प्रश्न संशोधकांपुढे आपणच मांडला पाहिजे, आणि त्यासाठी आपल्यापाशी नोंदी हव्यात. फळ कच्चे की पक्व, साल ताजी की वाळवलेली, मीठ लावलेली की बिनमिठाची, मात्रा व अनुपान काय, उपशय किती दिवसांत मिळाला, आणि न मिळाल्यास तेही, हे सारे प्रत्येक वैद्याने येत्या हंगामापासून लिहून ठेवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

उसन्या दाखल्यावर मिरविण्यापेक्षा आपल्या चिकित्सेची स्वच्छ नोंद अधिक मोलाची, असे आमचे स्पष्ट मत आहे.