कुंभार्लीचा उतार आणि न्यूट्रल

गेल्या महिन्यात चिपळूणला खालाच्या धाकट्या मुलीचा निकाह होता. फजरनंतर लगेच आम्ही कराडहून निघालो. गाडी आमच्या थोरल्या भाईजाननी घेतली. गाडीच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. तीस वर्षांत आधी जीप, मग पद्मिनी, मग मारुती 800 त्यांच्या हाताखालून गेली. कोयनानगर मागे पडले, कुंभार्ली घाटाचा उतार लागला, आणि नेहमीप्रमाणे त्यांनी गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "आता पोफळीपर्यंत फुकट," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

गाडीत माणसे सहा, वर कॅरियरवर बॅगा आणि लग्नघरी द्यायची एक मोठी देग. तीन-चार वळणे उतरलो तोच जळका वास येऊ लागला. पुढच्या वळणावर भाईजाननी ब्रेक दाबला तर पाय नुसता मऊ मऊ खाली गेला. त्यांनी कसाबसा दुसरा गिअर टाकला, गाडी कण्हत हळू झाली आणि जरा रुंद जागा बघून कडेला थांबली. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. चाके इतकी तापली होती की जवळ हात नेववत नव्हता. पाऊण तास तिथेच बसलो. कोणीतरी चाकांवर पाणी ओतायला निघाले होते, ते ओतले नाही हेच बरे झाले. तापलेली डिस्क एकदम गार केली तर वाकते, तडकतेसुद्धा, असे नंतर मेकॅनिकने सांगितले.

तिथे दगडावर बसल्या बसल्या आमच्या मुलीने विचारले, "बडे अब्बा, न्यूट्रलमध्ये असली तरी इंजिन चालूच होतं ना? मग ते पेट्रोल पितच होतं की!"

प्रश्न साधा, पण त्यातच सगळे आले. भाईजान शिकले त्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यांचे गणित बरोबर होते. गिअरमध्ये उतार उतरताना इंजिन जोरात फिरे आणि पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर नसला तरी कार्ब्युरेटरमधून थोडे पेट्रोल ओढतच राही. न्यूट्रलमध्ये इंजिन हळू फिरे, म्हणून पेट्रोल कमी लागे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचे ते छोटा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत, एवढे कळले की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. इंजिनाचे फेरे अगदी कमी झाले की पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावे लागते. लहान गाडीला त्यासाठी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागते. म्हणजे आम्ही ज्याला फुकट म्हणत होतो तिथेच पेट्रोल जळत होते, आणि जिथे खरोखर फुकट होते तो गिअर आम्ही काढून ठेवत होतो!

हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जरा लांब घरंगळते, हे खरे. पण घाटात घरंगळणे आपल्याला नकोच असते, वेग धरून ठेवायचा असतो. ते काम इंजिनाने केले नाही तर सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, त्यातले ऑइल उकळते आणि पायाखाली काही उरत नाही. काही जण तर उतारावर गाडीच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदतही जाते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली जरा जास्त फिरली तर ते अडकूनही बसते. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने बऱ्याच गाड्यांना धडक दिली, ते अनेकांना आठवत असेल. तो ट्रकही उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्याचे तपासात पुढे आले होते.

तेव्हा ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. क्लचवर पाय ठेवायचा नाही. क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झाले.

क्लचचेच आणखी एक. चढावर पुढची एसटी थांबली की हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय आमच्या घरात जवळजवळ सगळ्यांना आहे. त्यात पेट्रोलही जाते आणि क्लच प्लेटही. हँडब्रेक कशासाठी दिला आहे? उलट सपाट रस्त्यावर गिअर लवकर वाढवावेत, पण इंजिन धडधडू लागेपर्यंत नव्हे. चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगाने चढ चढवणाऱ्याला वाटते बचत होते आहे. इंजिन मात्र कुंथत असते.

बाकी गोष्टी ठाऊक असतात, होत नाहीत. हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा चिकटवलेला असतो, तो टायर गार असताना बघायचा. आमचे कॅरियर तर मागच्या ईदपासून टपावर तसेच होते, कारण काढायला पाना सापडत नव्हता! हायवेवर नव्वदऐवजी पासष्ट-सत्तरने गेले तर फरक सगळ्यात जास्त पडतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

फरक खरा की मनाचा, हे बघायला मुलीने वही केली. दर वेळी त्याच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, मीटर शून्य करायचे, पुढच्या वेळी किलोमीटरला लिटरने भागायचे. आमच्या जुन्या वॅगन आरचा आकडा चौदा होता, आता साडेसोळाच्या आसपास आहे. महिन्याला पाचशे किलोमीटर होतात, म्हणजे पाचेक लिटर वाचले.

परवा वलीम्याचे भांडे परत आणायला पुन्हा चिपळूणला गेलो. घाट उतरताना भाईजाननी दुसरा गिअर टाकला आणि कुरकुरले, "किती ओरडतंय इंजिन!"

"ओरडू दे, बडे अब्बा," मागून मुलगी म्हणाली, "उपाशीपोटी ओरडतंय ते."

पोफळीला उतरल्यावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि काही न बोलता परत येऊन बसले. मग पंपावर मुलीच्या आधी त्यांनीच वही मागितली.