घर बदललं, पण कुत्र्याचा पत्ता जुनाच राहिला तर?

मुलुंड ते ठाणे, लोकलचं एकच स्टेशन. पण घर मुलुंडहून ठाण्याला हलवलं की महापालिका बदलते. बोपोडीतून मुळेवरचा पूल ओलांडून दापोडीत गेलात, तरी तेच. आपण आधार, बँक, गॅस या सगळ्यांचा पत्ता बदलतो. घरातल्या कुत्र्याचा मात्र राहून जातो.

परवाना नव्या शहरात चालतो का?

नाही. कुत्रा पाळण्याचा परवाना देते महापालिका आणि तो तिच्या हद्दीपुरताच असतो. मुंबईत त्याला आधार आहे १८८८ च्या महापालिका कायद्याचा. परवान्याची मुदत सहसा वर्षभराची. शहर तेच असेल तर नवा पत्ता पालिकेला कळवायचा. पालिका बदलली तर नवा परवाना काढायचा. त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो. म्हणून सामान बांधतानाच लसीची वही वेगळी काढून ठेवा.

गंमत बघा. गाय-म्हशीच्या कानातल्या टॅगवर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्याची नोंद देशपातळीवरच्या 'भारत पशुधन' प्रणालीत होते. शहरातल्या कुत्र्याचा परवाना मात्र पालिकेची वेस ओलांडत नाही.

मायक्रोचिप आहे, मग काळजी कशाला?

चिपमध्ये जीपीएस नसतं आणि तुमचा पत्ताही नसतो. असतो तो फक्त १५ अंकी क्रमांक. तुमचं नाव आणि फोन ज्या नोंदणीत आहे तिथे ते बदलले नाहीत, तर चिप स्कॅन करणारा जुन्याच नंबरवर फोन करत बसेल.

हे आत्ताच का महत्त्वाचं?

नवीन जागी आलेला कुत्रा घाबरून पळण्याची शक्यता जास्त, आणि परतीचा रस्ता त्याला माहीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानंतर भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी आणि लसीकरणाचा विषय सर्वच राज्यांत ऐरणीवर आला आहे. अशा वेळी गळ्यात पट्टा नसलेला तुमचा कुत्रा पालिकेच्या गाडीत गेला, तर तो पाळीव आहे हे कोण सांगणार?

दुसरा प्रश्न चावण्याचा. पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मालकाची आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लस वेळेवर दिली होती हे दाखवायला कागदच लागतो.

नव्या सोसायटीने अडवलं तर?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. तरी वाद झालाच, तर परवाना आणि लसीची वही समोर ठेवली की बोलणं सोपं होतं.

आधी काय करायचं?

पहिल्या दिवशी पट्ट्यावर चालू मोबाइल नंबर. त्याच आठवड्यात चिपच्या नोंदणीत बदल आणि जवळच्या पशुवैद्याकडे लसीची नोंद. मग पालिकेचा परवाना. पट्ट्यावरचं ते नाव-नंबराचं बिल्लं या सगळ्यात स्वस्त, आणि कुत्रा हरवला तर सगळ्यात आधी तेच कामाला येतं.